ऐनबनातले कोसे : अँथेरिया प्रकल्पाच्या नोंदी

१८ मे

बीजाच्या, म्हणजे पुढच्या पिकासाठी राखलेल्या कोशांच्या, माळा उतरवल्या आणि एकेक कोसा कानाजवळ हलवून पाहिला. आत जिवंत कोशित (पतंग होण्याआधी झोपलेला किडा) असला की भरीव ठोका बसतो. वाळलेला सुक्या शेंगेतल्या बीसारखा खुळखुळतो. खुळखुळणारे बाजूला काढले. उन्हाने यंदा बरेच नेले.

मामाजींच्या घरामागची मातीच्या भिंतींची खोली हेच आमचं बीजागार. छपरावर तणसाचा जाड थर, दाराखिडक्यांना ओली पोती, दुपारी जमिनीवर सडा. कोसा पाळणाऱ्या आमच्या गटातला एक पोरगा म्हणत होता कूलर लावू. लावा, पण लाइटचा भरवसा कोण देणार?

गटाने ठरवलंय ते एवढंच. यंदा बाहेरून आणलेले अंडीपुंज झाडावर चढवायचे नाहीत. हिवाळ्यात आपल्याच ऐनबनातून, म्हणजे ऐनाच्या झाडांच्या बनातून, आणि लगतच्या जंगलातून निवडलेल्या कोशांचं बी धरायचं, आणि पिकागणिक काय होतं ते या वहीत लिहायचं. वही माझ्याकडे, कारण प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे. काम मात्र मामाजींचं. त्यांच्या घरात कोसा किती पिढ्या आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. ढिवरांच्या पोराने एक हात मासोळीच्या जाळ्यात आणि एक कोशात घालायचा, असं ते म्हणतात.

पुढे वाचणाऱ्यासाठी थोडी ओळख लिहून ठेवते. आपला कोसा, म्हणजे टसर रेशीम देणारा किडा, तो अँथेरिया मायलिटा, सॅटर्निडी कुळातला मोठा रातपतंग. ड्रुरी या इंग्रज संग्राहकाने १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. अँथेरिया हा वंश हुब्नरने १८१९ मध्ये उभा केला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच पतंग अँथेरिया पॅफिया या नावाने सापडतो, तेव्हा दोन नावं दिसली म्हणून दोन पतंग समजू नयेत. या एकाच जातीच्या पोटात चाळीसहून जास्त स्थानिक वाण नोंदलेले आहेत. झारखंडचा डाबा, ओडिशाचा सुकिंदा, सिमलीपालच्या सालवनातला मोडल, बस्तरचा रैली. रैली तर कोणी पाळतही नाही, लोक सालाच्या जंगलातून नुसता वेचून आणतात. आपल्याकडचा वाण पुस्तकात 'भंडारा' म्हणून आहे. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. पतंगाला जिल्ह्यांशी देणंघेणं नाही, तो ऐनामागे आहे, कारण अळी ऐनाचा पाला खाते.

बाजाराची पसंती डाब्याला. कोसा मोठा, धागा जास्त. आपला अंगाने लहान. बाहेरचं बी आणायचं की घरचं धरायचं, हा सगळा वाद तिथूनच आहे आणि तो या वहीत पुन्हा येणारच.

८ जून

मृग लागला, पण कोरडा. मातीची परळं धुऊन उन्हात पालथी घातली. खोलीला चुना मारला, जमिनीवर ब्लीचिंग. बनातली झुडपं छाटणीनंतर चांगली फुटली आहेत, हात वर केला की शेंडा हाती येतो एवढीच ठेवली आहेत. ऐन वाढू दिला तर साठ-सत्तर फूट जाईल. मग त्यावरच्या अळ्या राखायच्या कोणी?

वनविभागाचा निरोप आला आहे. वाघाचा वावर आहे, अंधार पडल्यावर बनात थांबू नका. म्हणजे पतंगांची जोडणी यंदा अंगणातच.

१५ जून

काल रात्रीपासून पाऊस. आज दिवेलागणीला पहिले पतंग निघाले.

एका कोशापाशी बसून सगळं पाहिलं. देठाकडचं टोक आधी ओलं झालं, चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग पसरत गेला. मग त्या ओल्या जागेतले तंतू आतून हलायला लागले. कोसा वाळल्यावर इतका टणक असतो की नखाने दबत नाही. त्यात टॅनिन असतं आणि अळीने आतून लावलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा थरही असतो. तरी पतंगाला तो फोडायला ना दात ना अवजार. तो तोंडातून एक द्रव सोडतो. त्यातलं विकर तंतूंना जोडणारा डिंक, म्हणजे सेरिसिन, विरघळवतं आणि खुद्द तंतूला हात लावत नाही. म्हणून पतंग धागे न तोडता, ते बाजूला सारून बाहेर येतो. कफाटोस आणि विल्यम्स या दोघांनी १९६४ मध्ये हे विकर दाखवून दिलं आणि त्याला कोकूनेज म्हटलं. त्यांनी ते पाहिलं अमेरिकेच्या पॉलिफीमस पतंगात, म्हणजे आपल्याच कोशाच्या चुलतभावात.

बाहेर आली ती मादी होती. पिवळसर, पोट फुगलेलं, पंख ओल्या कापडागत लोंबते. कोशालाच उलटं धरून लटकली आणि पंखांत हळूहळू ताठरपणा आला. पूर्ण उघडल्यावर पट्टी लावली, वीतभराच्या थोडी कमी. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि डोळ्याच्या मध्यभागी खवले नाहीतच, काचेसारखी स्वच्छ खिडकी. तिच्यामागे टॉर्च धरला तर भिंतीवर उजेडाचे चार ठिपके पडले. मामाजींच्या नातवाने ते बोटाने पुसायचा प्रयत्न केला.

हिला आता खायचं काही नाही. तोंडाचे भाग नावापुरते असतात. अळी असताना साठवलं त्यावर हे शेवटचे आठ-दहा दिवस.

१६ जून

नर मादीपेक्षा लहान, विटकरी रंगाचे, आणि मिशा पिसासारख्या रुंद. आमच्याकडे नर कमी निघाले. मामाजींनी सात-आठ माद्या एकेका पंखाला सैल दोरा बांधून कुंपणाच्या काड्यांवर बसवल्या. "मादी बांधून ठेव पोरी, नर येतेच. त्याले पत्ता इचारा लागत नाई."

मध्यरात्रीनंतर पाऊस थांबला. मी ओसरीत बसून होते. दोनच्या पुढे जंगलाच्या बाजूने पहिला आला. वटवाघूळच वाटलं. कुंपणापाशी वेड्यावाकड्या गिरक्या घेत, दोनदा ओसरीच्या खांबावर आपटून, शेवटी बरोबर मादीपाशी. मादी पोटाच्या टोकातून जो गंध सोडते, तो त्या पिसासारख्या मिशा टिपतात. मग आणखी आले. सकाळी उजाडलं तेव्हा बहुतेक माद्यांना जोडीदार होता आणि त्यातले निम्मे तरी आमच्या माळांतले नव्हते.

इथे माझं मत नोंदवून ठेवते, कारण पुढच्या वादात ते लागेल. आमच्या खोलीतला कोसा आणि जंगलातला कोसा असे दोन वेगळे नाहीत. दर मृगात त्यांची सोयरीक होते. तेव्हा खोलीत आपण जे बी आणतो, ते जंगलातही जातं.

दुपारी जोड्या सोडवल्या, माद्यांचे पंख थोडे कातरून प्रत्येकीला वेगळ्या परळात ठेवलं, वर दुसरं परळ झाकण.

२० जून

अंडी मोजली. एका मादीची साधारण दीडशे ते अडीचशे. पहिल्या तीन रात्रींत बहुतेक घालून होतात. त्यानंतरची आम्ही धरत नाही. अंडं दोन्ही बाजूंनी चपटं, तीनेक मिलिमीटर, भोवती दोन तपकिरी रेषा. धुतल्यावर तपकिरी चिकटा जातो आणि पांढुरकं दिसतं.

आजचं खरं काम मात्र माद्यांचं. कॉलेजातून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक, लहान खल, पोटॅशियम कार्बोनेटचं पातळ द्रावण. अंडी घालून झालेली एकेक मादी खलात कुटायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि सहाशे पट मोठं करून पाहायचं. लंबगोल, चकचकीत, हलल्यासारखे बीजाणू दिसले की पेब्रीन हा रोग. तो मादीकडून अंड्यात उतरतो. अंडी कितीही धुवा, आतला रोग धुतला जात नाही. अशा मादीचे सगळे अंडीपुंज जाळायचे. तुतीच्या रेशीमकिड्यांवर हीच साथ आली होती तेव्हा लुई पाश्चर १८६५ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला आलेस गावी गेला आणि मादी तपासून बी धरायची रीत त्याने बसवली. दीडशेहून जास्त वर्षं झाली, यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय गावपातळीवर दुसरा नाही.

चौथा हिस्सा जाळावा लागला. मामाजी काही बोलले नाहीत, उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. त्यांच्या बापाच्या काळी ही तपासणी नव्हती. अळ्यांवर मिरी टाकल्यासारखे काळे डाग दिसले की पीक गेलं समजायचं. संध्याकाळी परत येऊन त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे तं डोर्‍याले दिसतच नाई. मंग आमी कोनाले शिव्या देत होतो इतके साल?"

२६ जून

अंडी फुटली. सकाळी सात ते नऊच्या मध्ये सगळा धडाका. अळ्या पिवळट तपकिरी, डोकं काळं. दोन दिवसांत हिरव्या होतील. फुटायच्या आदल्या दिवशीच अंडी पानांच्या द्रोणात घालून ऐनाच्या फांद्यांना टाचली होती. पहिले दहा-बारा दिवस वर नायलॉनची जाळी. यातला सरकारी सल्ला आणि मामाजींची रीत एक झाली, तेवढीच एक गोष्ट.

बनात शिरताना चप्पल काढायची. का, ते विचारू नये. मी विचारत नाही, काढते. तसंही आतापर्यंत पायाला काटा भरण्यापलीकडे काही झालं नाही.

३ जुलै

पाऊस. पहिली कात टाकून झाली. अळी एकूण चार वेळा कात टाकते, पाच अवस्था.

१० जुलै

पाऊसच पाऊस, नाला चढला, बनाकडे जाता आलं नाही. घरी बसून शाळेसाठीचा तक्ता पूर्ण केला. तक्त्यावर अँथेरिया वंशातल्या जातींची चित्रं आणि कोण कुठे राहतं, काय खातं. मुलांनी रंगवायचा आहे म्हणून रेघा जाड ठेवल्या. लिहिताना जे सुचलं ते इथे उतरवते, तक्त्यात मावलं नाही.

वंशाचा पसारा आशियाभर आणि पार अमेरिकेपर्यंत. आग्नेय आशियाच्या पावसाळी जंगलांत तर जातींची गर्दी आहे. पण माणसाने त्यातल्या मोजक्याच कामाला लावल्या. चीनचा पर्न्यी ओकवर वाढतो. पॉल पेर्नी या फ्रेंच मिशनऱ्याचं नाव त्याला १८५५ मध्ये मिळालं, चिनी लोक मात्र त्याचं रेशीम त्याआधी कितीतरी शतकं काढत होते. जपानचा यामामाई, हिरवट कोशाचा, रेशीम महागामोलाचं. आसामचा मुगा म्हणजे अँथेरिया असामेन्सिस, सोम आणि सोआलू या झाडांवर वाढणारा, सोनेरी धाग्याचा. मुगा रेशमाला २००७ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. चौथा आपला.

नात्याने इतके जवळ, पण गुणसूत्रं मोजली तर मुग्यात १५ जोड्या, आपल्या कोशात ३१, पर्न्यीत ४९. एका घरातल्या भावंडांच्या जातकुळीत एवढं अंतर! तरी यातल्या काहींचा संकर जमतो. रांचीच्या केंद्रीय टसर संशोधन संस्थेत १९६०च्या दशकाच्या शेवटी चीनचा पर्न्यी आणि हिमालयातला रॉयली यांचा संकर करून प्रॉयली तयार झाला, आणि मणिपूरच्या ओकवनांत तो गेला. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, मग आपला आणि मुग्याचा संकर करून सोनेरी कोसा का नाही करत? करणारे पाहत असतील. पण मुगा काय खाणार, हा प्रश्न आधी येतो. ऐन खाऊन सोनेरी होणार नाही.

पर्न्यीची एक गोष्ट मला फार आवडते. कोशिताच्या डोक्यावर, बरोबर मेंदूच्या वर, कवच पारदर्शक असतं. विल्यम्स आणि ॲडकिसन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की दिवस किती तासांचा आहे हे त्या खिडकीतून थेट मेंदूला कळतं आणि त्यावर तो झोपून राहायचं की उठायचं ठरवतो. कोशाच्या अंधारात बसून कॅलेंडर वाचणं म्हणायचं ते हेच.

१५ जुलै

राखण सुरू. पोरं गोफण आणि गुलेल घेऊन मचाणावर. कावळे, कोतवाल सकाळी आणि संध्याकाळी. गांधीलमाश्या दुपारी. झाडावरच्या लाल मुंग्यांनी एक झुडूप साफ केलं; बुंध्याभोवती राखेचं कडं घातलं. सोंडेने रस शोषणारा एक ढेकूण अळीला टोचून लटकवून ठेवतो, अळी रिकामी कातडी होऊन लोंबते. तो हाताने वेचायचा, दुसरा इलाज नाही, कारण औषध मारलं तर अळीही मरते.

उझी माशी अजून दिसली नाही.

२१ जुलै

दिसली. घरमाशीपेक्षा थोराड, पाठीवर पट्टे. अळीच्या अंगावर पांढुरकं, तांदळाच्या कणीपेक्षा लहान अंडं चिकटवते. त्यातून निघालेली अळी कातडी भेदून आत शिरते आणि तिथे काळा डाग राहतो. डाग दिसला तर अळी गेली, पण कोसा करेपर्यंत ती जगतही असते, आणि मग कोशातून पतंगाऐवजी माश्या निघतात. आम्ही अंडं दिसताच चिमट्याने काढतो. अळ्या हजारोंनी आणि चिमटे दोन.

२९ जुलै

पहिले कोसे.

मोठी अळी आता हातभर नाही तरी पसाभर म्हणावी अशी, पाच इंच लांब, पन्नास ग्रॅमच्या आसपास. हिरवी, सांध्यांवर जांभळट गाठी, आणि कुशीला एकेक ठिपका चक्क चांदीचा, आरशासारखा चमकणारा. आधी ती पोट रिकामं करते, मग दोन-तीन पानं धाग्याने जवळ ओढून झोळी करते. पण कोसा विणायच्या आधी एक काम. तोंड वर नेऊन ती फांदीभोवती धाग्याचं कडं घालते, त्या कड्यापासून खाली झोळीपर्यंत देठ विणते, पुन्हा वर, पुन्हा खाली, धाग्यावर धागा. ते पक्कं झालं की मगच कोशाला हात. पानं पुढे सुकून गळतात, पण कोसा गळत नाही, कडं फांदी सोडत नाही. वंशातल्या कित्येकांना असा देठ नाही. पर्न्यीचा कोसा पानांत गुंडाळलेला असतो. आपल्याकडचं ऐनाचं झाड उन्हाळ्याकडे पार उघडं पडतं, त्या झाडावर महिनोन्‌महिने लटकायचं तर देठाला पर्याय नाही, असं मला वाटतं.

पहिलं पीक पातळ सालीचं, पावसाळ्याचं. हे विकायचं नाही, सगळं बीजाला.

२४ ऑगस्ट

दुसऱ्या पिकाचे पतंग. जोडणी, तपासणी, सगळं जूनसारखंच, म्हणून पुन्हा लिहीत नाही. पेब्रीन मात्र या वेळी बोटावर मोजण्याइतक्याच माद्यांत. जूनमध्ये जाळलं ते वाया गेलं नाही. मामाजी आता स्वतः काच लावतात आणि मला बोलावून दाखवतात.

१४ सप्टेंबर

गटाची बैठक. शेजारच्या गावात बाहेरच्या बीचे अंडीपुंज आले आहेत, डाबा. अळ्या दांडग्या दिसतात. आपल्यातले दोघे म्हणतात, आपण कशाला लहान कोसा धरून बसलो? प्रश्न पोटाचा आहे, त्याला नुसतं निसर्गाचं उत्तर देऊन भागत नाही. म्हणून मी असं मांडलं.

मोठा कोसा मोठा दाम, हे खरं. पण डाबा त्याच्या मुलखात, त्याच्या पावसात निवडून वाढवलेला. इथे दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं, आणि बी उशिरा आलं की अळ्या कोवळा पाला संपल्यावर झाडावर चढतात. मागच्या वर्षी हेच झालं होतं, सगळ्यांना आठवतं. दुसरं, बाहेरच्या बीबरोबर बाहेरचा रोग येतो, तपासणी कच्ची असेल तर. तिसरं, जूनच्या त्या रात्रीचं. आपल्या माद्यांवर जंगलातले नर येतात तसे आपले नरही सुटून जंगलात जातात. दहा वर्षं असंच चाललं तर वेचायला 'भंडारा' वाण उरणार नाही. मग पीक बुडालं तर नव्याने बी आणायला जंगलात जायची सोय संपली.

त्रुव्हेलोची गोष्टही सांगितली. हा फ्रेंच माणूस अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला, १८६०च्या दशकात रेशीम करू पाहत होता. अंगणाजवळच्या रानात पॉलिफीमसच्या अळ्या त्याने प्रचंड संख्येने वाढवल्या. तेवढ्यावर थांबला असता तर कोणाचं काही गेलं नसतं. त्याने युरोपातून दुसराच एक पतंग, लिमँट्रिया डिस्पार, आणला आणि तो सुटला. १८८९ पर्यंत मेडफर्डची झाडं त्या अळ्यांनी बोडकी केली, आणि आजही अमेरिका त्या पतंगाशी लढते आहे. त्रुव्हेलो पुढे आकाशातल्या ग्रहताऱ्यांची चित्रं काढण्यात रमला. डाबा काही परका नाही, आपल्याच जातीचा आहे, तेव्हा ही तुलना ताणलेली आहे हे मीच बैठकीत म्हटलं. पण सुटलेला पतंग परत बोलावता येत नाही, एवढा भाग दोन्हीकडे सारखा.

अध्यक्ष मावशींनी शेवटी विचारलं, "लहान कोशाचे पैसे कमी भेटले तं ते कोन भरून देईन?" याचं उत्तर बैठकीत निघालं नाही. दुसरं पीक विकून हिशेब पाहायचा, तोवर बाहेरचं बी नाही, इथवर आलो.

२ ऑक्टोबर

अळ्या चौथ्या अवस्थेत. हत्तींचा कळप नाल्यापलीकडे आल्याचा निरोप. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडकडून कळप आपल्या जिल्ह्यात येत राहतात. राखणदार पोरांना रात्री परत बोलावलं. धानावर त्यांची नजर, ऐनाच्या झुडपांचं त्यांना काय. पण बांधावरून जाताना पायाखाली काय येईल सांगता येत नाही.

५ ऑक्टोबर

कळप दुसऱ्या वाटेने गेला. बन शाबूत. दोन रात्रींच्या गैरहजेरीत पाखरांनी चांगलाच हात मारला.

२२ ऑक्टोबर

तोडणी. फांदीसकट कडं कापायचं, कोसा ओढायचा नाही. राखाडी आणि पिवळे, दोन्ही रंग एकाच झुडपावर. आकाराने लहान, पण साल जाड, बोटाने दाबून दबत नाही.

२९ ऑक्टोबर

व्यापारी आला. हजाराच्या हिशेबाने मोजणी, तीन प्रती. त्याने डोळ्यांनी पाहून निम्मे दुसऱ्या प्रतीत टाकले. मावशींनी एक कोसा उचलून दाराच्या चौकटीवर ठोकला आणि त्याच्या हातात दिला. "दाब आता." थोडी घासाघीस, बरेचसे पहिल्या प्रतीत गेले. हिशेब शेजारच्या गावापेक्षा कोशामागे कमी. पण त्यांचं बी विकतचं होतं आणि आमचं घरचं, ते वजा केल्यावर फरक उरला तो फार नाही. आकडे गटाच्या वहीत आहेत.

१८ नोव्हेंबर

तिसरं पीक मुद्दाम थोडंच धरलं आहे, फक्त पुढच्या मृगाच्या बीजासाठी. थंडीत अळ्या सुस्त, पाला जाडा. राखण कमी लागते, पण दिवस जास्त.

१२ डिसेंबर

गटातल्या बायकांना घेऊन मोहाडी-आंधळगावकडे गेलो. कोष्टी काकाजींच्या घरी करवतकाठी साडी पाहिली. मधला भाग टसरचा, काठ सुती आणि काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी. तीन धोट्यांचं (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांचं) काम. काठाचे धोटे वेगळे, अंगाचा वेगळा, आणि प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. दोघं जण लागतात.

आमचे काही कोसे सोबत नेले होते. घरातल्या आजींनी ते सोड्याच्या पाण्यात शिजवून घेतले, साल मऊ झाल्यावर चार-पाच कोशांचे शेव एकत्र धरून मांडीवर वळून धागा काढला. वीज नाही, यंत्र नाही. मशीनने काढलेला धागा सरळ, हा थोडा गाठाळ. काकाजींना मी लहान कोशाबद्दल विचारलं. ते म्हणाले, धाग्याची लांबी कमी, पण मागासाठी एकसारखेपणा पाहिजे, आणि तो तुमच्यात आहे. मोठ्या कोशात कधी कधी आतला धागा बारीक होत जातो, जोड जास्त येतात. त्यांनी पुढच्या वर्षी थेट त्यांना माल देण्याबद्दल विचारलं. मावशींनी लगेच भाव विचारला. बोलणी अर्धवट राहिली, पण फोन नंबर घेतला.

परतीच्या गाडीत एक जण म्हणाली, आपण कोसा विकतो आणि लुगडं कोणी दुसरीच नेसते. सगळ्या हसल्या. मग बराच वेळ विषय तोच, मांडीवर धागा वळायला कोण शिकणार हा.

१९ जानेवारी

तिसऱ्या पिकाची निवड झाली. जड, भरीव, देठ जाड असलेले कोसे बीजाला. जंगलाच्या कडेने वेचलेले वेगळ्या माळेत, दोऱ्याला लाल गाठ. जूनमध्ये लाल गाठीच्या माद्यांची तपासणी आधी करायची, कारण जंगलातल्या कोशात रोग किती आहे हे अजून या वहीत कुठेच नाही. आतले कोशित आता पाऊस पडेपर्यंत झोपलेले राहतील.

ग्रामसभेने ठराव घेतला. ऐनबनाच्या उत्तरेची पट्टी तोडीतून वगळायची आणि तिथे बीजाशिवाय दुसरं पीक धरायचं नाही. बाहेरचं बी पूर्ण बंद करावं असं मी मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. ज्याला आणायचं त्याने आणावं, पण माद्या आमच्या भिंगाखालून गेल्याशिवाय अंडी झाडावर चढणार नाहीत, इतकं मान्य झालं. मामाजी काच लावणार, कॉलेजची एक पोरगी त्यांच्याकडून शिकणार.

मे महिन्याआधी करायचं: सूक्ष्मदर्शक कॉलेजकडे पुन्हा मागायला अर्ज, पोटॅशियम कार्बोनेट, परळं पन्नास, कुंभाराला आगाऊ रक्कम दिली आहे. काकाजींना फोन मावशी करणार.